कोऱ्या कार्डांचा भाव

११ जानेवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार. वाकून नाही, बसूनच. गुडघा गेल्या पत्रात होता तिथेच आहे.

पत्रास कारण की, नऊ मार्चला वाचनालयाच्या हॉलमध्ये हस्तकलेच्या वस्तूंची विक्री आहे आणि मी एक टेबल घेतलं आहे. हसू नका. माझी शुभेच्छा कार्डं मांडणार आहे. तीच ती, दाराची. तुम्हाला त्यांची ओळख करून द्यायला नको, चोवीस वर्षं तुमच्या वाढदिवसाला दर वर्षी एक येतंय. जाड कागदाची घडी, वर कातरून केलेलं घर, आणि घराला उघडणारं एक दार. दार बंद राहावं म्हणून गोंदाचा एक ठिपका, नखानं हलकेच सोडवायचा. दारामागे कधी मांजर, कधी छत्री, कधी नुसताच जिना. साठ करायची ठरवली आहेत, एकवीस झाली.

अडलंय ते किमतीपाशी. टेबल मागायला गेले तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, "भाव काय लावणार?" चोवीस वर्षं फुकट वाटलेल्या वस्तूचा भाव मला काय ठाऊक? घरी येऊन तुमच्या बंधुराजांना विचारलं. ते शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "कार्डांना किंमत असते?" आणि जेवणाच्या टेबलावरचा माझा कागद त्यांनी बोटानं पलीकडे सरकवला, जसं मुंगीला सरकवतात.

तुम्ही तीस वर्षं भावजींच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसलात. छापील कार्डं विकण्यात तुमची हयात गेली. म्हणून सल्ला मागते आहे. एक कार्ड कितीला लावू?

जाता जाता: माझ्या शेजारच्याच टेबलावर वाचनालय जुन्या वस्तू विकणार आहे, पुस्तकांच्या कपाटासाठी. ते टेबल तुमच्या बंधुराजांनी अंगावर घेतलंय. निवृत्त माणसाला गल्ला दिला की तो पुन्हा साहेब होतो. तुमच्याकडे दुकानातलं उरलंसुरलं, जुनी पुस्तकं वगैरे काही असेल तर पाठवा म्हणतात.

तुमची,
वहिनी


१९ जानेवारी

सौ. वहिनीस,

आशीर्वाद. नेहमीचेच, नवीन काही आलेले नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं गंमत करते आहेस. या वयात बायका गुडघ्याला तेल लावतात, तू टेबल लावते आहेस. असो. विचारलंस म्हणून सांगते.

वीस.

त्याच्या वर एक पैसा नको. कागदाचे चार, गोंदाचा एक, राहिली मेहनत. ती काय, घरचीच. घरच्या मेहनतीचा भाव लावायचा झाला तर जगातलं एकही घर कुणाला परवडायचं नाही. आमच्या दुकानात चकचकीत छापील कार्ड तीसला जायचं, आणि त्याच्यावर सोनेरी भुकटी असायची. तुझ्या कार्डावर काय आहे? दार. दाराचे कोण जास्त देणार? गिऱ्हाईक मी तीस वर्षं पाहिलंय. ते आधी मागे उलटून किंमत बघतं आणि मग पुढे चित्र बघतं. आणि आपल्याच गावात तर विचारूच नकोस, पिकतं तिथे विकत नाही.

आणखी एक. आत काही लिहून ठेवू नकोस. आमच्या आईची शिकवण तू अजून पाळतेस याचं मला खरंच कौतुक आहे: कागदाला शाई लागली की तो रद्दी झाला. मजकूर चिठ्ठीवर, चिठ्ठी कार्डात. घेणाऱ्यानं चिठ्ठी ठेवून घ्यावी आणि कार्ड पुढे कुणालातरी द्यावं. आपल्या घरात एकेक कार्ड चार-चार वाढदिवस करून आलंय. लोक आपल्याला कंजूष म्हणायचे. म्हणोत. त्यांची कार्डं रद्दीत गेली, आपली अजून फिरताहेत.

बाळ्याला सांग, पार्सल पाठवते. कपाट आवरायचंच होतं. आणि त्याला जेवायच्या टेबलावर जेवू दे. लहानपणापासून त्याला पसारा चालत नाही.

ताई


२७ जानेवारी

ती. वन्सं यांस,

बसूनच नमस्कार.

तुमचा वीसचा आकडा मी भिंतीवर लिहिला आणि त्याच्याकडे बघत एक कार्ड घड्याळ लावून केलं. दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे तासाला साडेसात, त्यातून कागद-गोंदाचे तुमचे पाच वजा. मागच्या आठवड्यात नळाचा वायसर बदलायला माणूस आला होता. अकरा मिनिटांत दोनशे घेऊन गेला, आणि नळ अजून ठिबकतोय. "तुमची मेहनत घरची की बाहेरची?" असं त्याला विचारायचं राहूनच गेलं.

पण मी वाद घालणार नाही. तुम्ही जाणत्या. वीस तर वीस. उलट आता मला वीसच फार आवडायला लागलेत. का, ते सांगते.

टेबलावरून परवा पुन्हा वाजलं. यांच्या भातात कागदाचा कपटा निघाला. मी म्हटलं, मला मागची खोली द्या, टेबलावरून कायमची उठते. त्यावर हे म्हणाले, "ती ताईची खोली आहे." बरोबरच आहे. वर्षातले तीनशे एकसष्ट दिवस त्या खोलीत तुमची गादी राहते आणि चार दिवस तुम्ही. गेल्या वर्षीच्या चारांतले दोन दिवस तर तुम्ही दाढदुखीनं आमच्याच खोलीत काढलेत, पंखा चांगला आहे म्हणून.

तर शेवटी त्यांनी पैज लावली. साठातली निम्मी कार्डं, मी ठरवलेल्या किमतीला, विक्रीच्या दिवशी गेली, तर मागची खोली माझी. नाही गेली, तर कात्री, कागद, गोंद सगळं माळ्यावर आणि यापुढे घरात कातरकामाचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. वन्सं, खरं सांगू? बासष्टाव्या वर्षी माणसाला दुसरं काय सुरू करता येतं? हे थांबलं की मग मी फक्त स्वयंपाक करते.

पण तुमच्या सल्ल्यानं जिवात जीव आला. वीसला तीस कार्डं काय, सकाळच्या चहाआधी जातील. तुमच्या तोंडात साखर पडो.

वहिनी


३१ जानेवारी

सौ. वहिनीस,

उलट टपालानं लिहिते आहे, कारण विषय तातडीचा आहे.

वीस हा आकडा मी घाईत लिहिला. त्या दिवशी डोकं दुखत होतं. नंतर शांतपणे विचार केला आणि माझी मलाच लाज वाटली. अगं, तू कलावंत बाई! कातरकाम, नाजूक दारं, त्यामागे काय काय. स्वतःला इतकं स्वस्त करू नये. बाईमाणसानं तर अजिबातच नये. आपणच आपली किंमत केली नाही तर जग कशाला करेल?

चारशे लाव. मी तर म्हणेन साडेचारशे. खरा रसिक भाव बघत नाही. एखादंच कार्ड जाईल, पण ज्या हातात जाईल तिथे शोभेल. बाकीची घरी आणायची, त्यात काय कमीपणा?

खोलीचं म्हणशील तर माझं काही म्हणणं नाही. मी म्हातारी, मला कुठेही कोपरा चालतो. फक्त इतकंच की ती खोली आईनं मला शब्द देऊन ठेवली होती, "तू कधीही ये, तुझी गादी घातलेली असेल" असा. पण आईच्या शब्दाला आता कोण विचारतं. पैज तुमची नवरा-बायकोची, मी मधे पडणार नाही. बाळ्याशी काल अर्धा तास फोनवर बोलले तेही दुसऱ्याच विषयावर.

चारशेच्या खाली येऊ नकोस.

ताई

ता. क. गादीला ऊन दाखव.


९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

बारा दिवसांत वीसचे चारशे! तुमचं दुकान बंद पडलं ते उगाच नाही म्हणत मी. असा भाव चढायला लागला तर गिऱ्हाईक दारातूनच पळेल. मात्र एक कळलं. माझ्या कार्डाची किंमत वीस आणि मागच्या खोलीची तीनशे ऐंशी.

रागावू नका. तुमच्या पत्रानं फायदाच झाला. वीस तुमच्या मनातलं आणि चारशे तुमच्या पोटातलं, म्हणजे माझा भाव या दोन्हींच्या मधे कुठेतरी असणार. कुठे, ते मला खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी दाखवलं. म्हणाल्या, "आरशासमोर उभ्या राहा आणि किंमत मोठ्यानं सांगा. जिथे सरळ सांगता येईल तिथे थांबू नका. जिथे आवाज चिरकेल तो तुमचा भाव. सरळ सांगता येतो तो भाव घरच्यांनी शिकवलेला असतो." मी आरशासमोर उभी राहिले. "ऐंशी." सरळ. "शंभर." सरळ. "एकशे चाळीस." खोकला आला, पण निभावलं. "दीडशे." आवाज असा चिरकला की तुमचे बंधुराज बाहेरून म्हणाले, "काय पडलं?"

तेव्हा दीडशे. पाटी लिहूनही टाकली, खोडता येऊ नये म्हणून रंगानं.

तुमचं पार्सल पोचलं. सुतळीला तुमच्याच हातच्या सात गाठी होत्या, त्या सोडवायला कुणी बसलं नाही, तसंच वाचनालयात नेऊन ठेवलं. गादीला ऊन दाखवलं. एक झुरळ निघालं, त्यालाही दाखवलं.

पंचेचाळीस कार्डं झाली.

वहिनी


१७ फेब्रुवारी (पोस्टकार्ड)

दीडशे म्हणजे ना धड गरिबाचं ना श्रीमंताचं. मधला भाव कुणी घेत नाही, हे मी गल्ल्यावरून सांगते. तू ऐकणार नाहीसच. पार्सलात वीस पुस्तकं आहेत, तुझ्या भावजींचं कागदाला भोकं पाडायचं पंच, आणि कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा. कार्डं कुणी वापरलेली नाहीत, नवीसारखी आहेत, बाळ्याला सांग कचऱ्यात टाकू नकोस. दात पुन्हा दुखतोय. ताई.


१२ मार्च

ती. वन्सं यांस,

आज नमस्कार राहू दे.

विक्री झाली. सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या बाळ्याकडून अर्धवट ऐकायला नको.

हॉलमध्ये घडीच्या टेबलांच्या दोन रांगा होत्या. माझ्या डावीकडे मेणबत्तीवाली, उजवीकडे तुमचे बंधुराज: एक कानतुटका कप, दोन दिव्यांच्या टोप्या, तुमची पुस्तकं, आणि समोर पावतीपुस्तक. मी साठ कार्डं उभी मांडली. सकाळभर लोक यायचे, हातात घ्यायचे, "किती सुंदर" म्हणायचे, पाटी वाचायचे आणि "किती सुंदर" आणखी एकदा म्हणून ठेवून द्यायचे. कौतुक फुकट असतं ना, ते भरपूर झालं. बारा वाजेपर्यंत चार गेली. मला तुमचं पोस्टकार्ड आठवत होतं.

मग चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई आली. तिच्या हातात एक कार्ड होतं. म्हणाली, "हे शेजारी पाचला मिळालं. अगदी अस्संच. तुमच्याला काय सोनं लावलंय?"

निळं घर. गोल खिडकी. मी ते उलटं केलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक साल लिहिलेलं, माझ्या अक्षरात. मी प्रत्येक कार्डामागे लिहिते, तुमच्या कधी लक्षात आलं नसेल. सात वर्षांपूर्वीचं तुमच्या वाढदिवसाचं कार्ड होतं ते, वन्सं.

मी शेजारच्या टेबलापाशी गेले. रबरबँड लावलेला गठ्ठा. तुमचे बंधुराज म्हणाले, "पाचला एक. घासाघीस नाही." मी विचारलं, ही कुठली? म्हणाले, "ताईच्या पार्सलातली. कोरी आहेत." कुणी केलीत? त्यांनी चष्मा लावला, एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाले, "छापील दिसताहेत."

चोवीस वर्षं हा माणूस ज्या टेबलावर जेवला त्याच टेबलावर ती कातरली गेली. काखेत कळसा म्हणतात, इथे तर ताटात कळसा होता.

तेवीस आली होती, सहा विकून झाली होती. उरलेली सतरा मी विकत घेतली. पंच्याऐंशी मोजले. त्यांनी पावती फाडून दिली, वर "आभारी आहोत" असा शिक्का मारून.

टेबलाशी येऊन बसले आणि एकेक बघत गेले. तुम्ही ती पुढे कुणाला दिली नाहीत याचं वाईट वाटावं की बरं, तेच कळेना. आणि मग दारं पाहिली. गोंदाचा ठिपका सतराच्या सतरा कार्डांवर शाबूत. एकही दार उघडलेलं नव्हतं. चोवीस वर्षं मला वाटायचं, वन्सं कधी कळवत नाहीत, पण मांजर बघून हसत असतील.

मला रडू आलं. मेणबत्तीवालीनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र मला असा राग आला की मी पुठ्ठ्याचं झाकण फाडून त्यावर लिहिलं:

"एका बाईला चोवीस वर्षं, दर वर्षी एक पाठवलेली. तिनं एकदाही दार उघडलं नाही. किंमत तीनशे."

आरशाची गरज लागली नाही. आवाज चिरकला नाही.

वन्सं, ती सतरा पाऊण तासात गेली. डोक्यावर चष्मा असलेल्या बाईनं पहिलं घेतलं, पाचला घेतलेलं हातात असताना. प्रत्येकीनं एकच विचारलं, "कोण हो ही?" मी म्हणायचे, "माझी नणंद." एवढ्यावर सगळ्या हसायच्या आणि पैसे काढायच्या. तुमचं नाव कुणाला सांगितलं नाही, सांगायची वेळच आली नाही. प्रत्येकीच्या मनात आपापलं नाव होतं. मग टेबलाभोवती नखानं दारं उघडायची जत्राच झाली. "अगं, आत जिना आहे!" "माझ्यात छत्री!" त्या गर्दीत नवी कार्डंही जायला लागली, दीडशेला एक, सरळ, न विचारता.

पाच वाजता हॉल बंद झाला तेव्हा नवी एकोणतीस गेली होती.

एकोणतीस. हत्ती गेला, शेपूट राहिलं. मी म्हटलं, जुनी सतरा धरा. तुमचे बंधुराज म्हणाले, "ती पैजेत नव्हती. आणि तू ठरवलेली किंमत दीडशे, तीनशे नव्हे." सर्वेक्षण खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, शेताचा बांध हलेल पण हे हलणार नाहीत. काल त्यांनी स्वतः शिडी लावून कात्री-कागद माळ्यावर ठेवले. वर "आता टेबल कसं मोकळं वाटतं" असंही म्हणाले.

तुम्ही म्हणाल, पाठवलेली चोवीस आणि पार्सलात तेवीस, मग एक कुठे गेलं? ते मी सांगते. पिवळ्या दाराचं. ते माझ्याकडे आहे. माझ्या पन्नाशीला तुम्हीच मला पाठवलंत, आत नवी चिठ्ठी घालून. तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलले.

वहिनी


२० मार्च

सौ. वहिनीस,

पत्र पोचलं. शेजारणीला वाचून दाखवायला घेतलं होतं, बरं झालं पहिल्याच पानावर चष्मा धुरकटला.

माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. कार्डं कोरी होती. कोरं कार्ड पुढे द्यायचं ही या घराची रीत आहे, आणि ती तूही पाळत आलीस. नाहीतर चिठ्ठ्या कशाला घालत होतीस? शाईनं लिहिलं असतंस तर ती माझ्याकडेच राहिली असती. चिठ्ठ्या सगळ्या मी जपून ठेवल्यात, हवं तर मोजून घे. दारांचं म्हणशील, तर कार्ड उघडून फाडून ठेवलं तर पुढे कसं देणार? मी जपत होते. जपणाऱ्याला नावं ठेवायची आणि फाडणाऱ्याला तीनशेला विकायचं, हा कुठला न्याय?

आणि विकायचंच म्हणशील, तर ती कार्डं माझ्या मालकीची होती. मी ती वाचनालयाला पाचला दिली होती, तुला तीनशेला नव्हे. सतरा त्रिक एक्कावन्न, म्हणजे पाच हजार शंभर. त्यातले निम्मे माझे होतात. भर हॉलमध्ये माझी अब्रू विकलीस, तिचे वेगळे लावत नाही.

पैज ही पैज. एकोणतीस म्हणजे तीस नव्हे, बाळ्याचं बरोबर आहे.

पिवळ्या दाराचं मला काही आठवत नाही.

ताई


९ एप्रिल

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली नव्हतीच.

दोन तारखेला माझा वाढदिवस झाला. एकाहत्तरावा. लेकाचा फोन आला, शेजारणीनं केळी दिली. टपालात विजेचं बिल आलं. तीन तारखेला वाटलं, उशीर झाला असेल. चार तारखेला पोस्टमनला हटकलं. पाचला पुन्हा हटकलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, ते दरवर्षीचं जाड पाकीट ना? आलं की सगळ्यात आधी तुमचंच आणून देतो." बघ, पोस्टमनला ठाऊक होतं. त्याला वजनावरून ठाऊक होतं.

मग मी चिठ्ठ्यांचा डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, खालच्या कप्प्यात असतो. चोवीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर शेवटी एकच ओळ आहे: "दार उघडून बघा." मी ती ओळ चोवीस वर्षं वाचली आणि कार्ड जपून ठेवलं. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही, माझं मलाच पुरे झालंय.

पिवळं दार मला आठवत होतं. त्या वर्षी दुकान बंद झालं होतं आणि बाजारात जाऊन कार्ड घ्यायची लाज वाटत होती, तीस वर्षं कार्डं विकलेल्या बाईला. म्हणून कपाटातलं दिलं. तुला कळणार नाही असं वाटलं. तुला कळत नाही असं मी बऱ्याच बाबतीत धरून चालले होते.

तर काम असं. सोबत दीडशे घातलेत. मला एक कार्ड हवं आहे. पावती नऊ मार्चची लाव. बाळ्याला मी फोन करून सांगितलंय की एक कार्ड मी विक्रीच्या आधीच तुझ्याकडे सांगून ठेवलं होतं आणि तू विसरलीस. तो म्हणाला, "मग तीस झाली." मी म्हटलं, "हो ना." आयुष्यात भावाशी मी दोनदाच खोटं बोलले. पहिल्यांदा तुझं स्थळ आलं तेव्हा. मुलगी गरीब आहे, उलटून बोलणार नाही, असं मी सांगितलं होतं.

निम्मे पैसे मागितले होते ते सोडून दे. आयत्या बिळावर नागोबा झाले होते.

ताई


१५ एप्रिल

ती. वन्सं यांस,

नमस्कार. आज वाकूनच केला, पत्र टेबलावर ठेवून. कमरेत उसण भरली, ती तुमच्या नावावर.

तुमचे बंधुराज काल पुन्हा शिडी चढले. उतरताना दोनदा म्हणाले, "ताईनं आधी सांगायला हवं होतं." खोलीतला पलंग बाहेर काढला आहे आणि टेबल आत नेलं आहे. खिडकीतून उजेड डाव्या हाताला पडतो, कातरायला असाच लागतो. सकाळी मी तिथे नुसतीच बसले होते, तासभर, काही न करता.

कार्ड सोबत आहे. सूट दिलेली नाही. चिठ्ठी घातलेली नाही. कोरं आहे, पुढे द्यायचं की काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

वहिनी


२३ एप्रिल
(कार्डाच्या आत, शाईनं)

सौ. वहिनीस,

आधी दार उघडलं. नखानं नाही जमलं, सुरी लागली. कडेला थोडं फाटलंय ते तेवढं चालवून घे. आतलं टेबल पाहिलं, आणि टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली गादीही पाहिली. एवढीशी गादी, पण वरचे पट्टे बरोबर माझ्याच गादीचे आहेत. या वर्षी येईन तेव्हा टेबलाखाली झोपेन. कपटे अंगावर पडले तर चालतील.

हे पुढे देत नाही, परत तुलाच पाठवते आहे. तुझ्या पन्नाशीचं कार्ड समज, बारा वर्षं उशिरा पोचतंय. विकतचं आहे, दीडशेचं, कपाटातलं नाही.

शाईनं लिहायची सवय नाही, बघ वर डाग पडला. आई असती तर म्हणाली असती, कागदाची रद्दी केलीस. केली. आता हे कुणाला देता यायचं नाही आणि तुझ्या टेबलावर मांडताही यायचं नाही. तुझ्याचकडे ठेवावं लागेल.

ताई